कापलेला प्लाय परत जात नाही: नव्या गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम, एका किचनचा हिशेब

आठ बाय चारचा अख्खा शीट प्लायवाला परत घेतो. फार तर टेम्पोभाडं आपल्या माथी मारतो आणि थोडी कुरकुर करतो. तोच शीट पॅनेल सॉवर, म्हणजे प्लाय कापायच्या मशीनवर, चढला की तो माल राहत नाही, एका विशिष्ट घराचा तुकडा होतो. एक शटर, म्हणजे कपाटाचं दार, हातात घेऊन बघा. ४४७ बाय ६८२ मिलिमीटर, बाहेरून गिऱ्हाइकाने तीन रविवार घालवून निवडलेली राखाडी सनमायका, आतून पांढरा लायनर (पातळ सनमायका), कडेला बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरची दोन भोकं. हे शटर दुसऱ्या कुणाच्या ओट्याखाली बसणार नाही. आगाऊ रक्कम किती आणि केव्हा मागायची, हा प्रश्न सगळा या एका गोष्टीभोवती फिरतो. गिऱ्हाईक चांगला की वाईट, ओळखीचा की अनोळखी, हे त्यानंतर.

खालचा व्यवहार नाशिकमधल्या पाच-सहा माणसांच्या फर्निचर वर्कशॉपमध्ये जसा होतो, तसा नमुना म्हणून मांडला आहे. हिशेब समजावा म्हणून आकडे बेताचे घेतलेत. दर तुमच्या गावात वेगळे असतील.

काम आणि त्याचा खर्च

नवा फ्लॅट, एल आकाराचं किचन, खाली ट्रॉल्या, वर कपाटं. कोटेशन २,४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२००, एकूण २,८३,२०० रुपये. आत काय दडलंय ते असं. १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा, १४ शीट म्हणजे ४४८ चौरस फूट, ११० रुपयांनी ४९,२८०. मागच्या बाजूचा ६ मिलिमीटरचा प्लाय ४ शीट, ६,४००. बाहेरची सनमायका आणि आतला लायनर मिळून २४,०००. बिजागऱ्या, सॉफ्टक्लोज चॅनेल, टँडम ड्रॉवर, जाळ्या, हँडल असं हार्डवेअर ५२,०००. गोंद, एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी), स्क्रू ६,३२०. मालाचे झाले १,३८,०००. वर्कशॉपमधली मजुरी ३६,०००. टेम्पो आणि बसवणी १४,०००. उरलेल्या ५२,००० मध्ये जागेचं भाडं, वीज, ब्लेडची धार, मापाला मारलेल्या चकरा आणि नफा.

एक आकडा इथेच खटकायला हवा. माल १,३८,००० चा असला तरी दुकानदाराला कर धरून १,६२,८४० रुपये द्यावे लागतात. त्या कराचं इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजावट, मिळतं, पण ते नंतर, रिटर्नमध्ये. दुकानाच्या काउंटरवर पूर्ण रक्कमच मोजावी लागते. ‘अर्धे आधी, अर्धे नंतर’ ही आपल्याकडची रूढ पद्धत इथे तोकडी पडते. अर्धे म्हणजे १,४१,६०० आणि माल उचलायला लागतात १,६२,८४०.

जुन्या पद्धतीने काय झालं असतं

जुनी पद्धत म्हणजे टोकन. गिऱ्हाईक चांगला वाटला, बोलायला गोड, ११,००० रुपये देऊन ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणाला. प्लायवाल्याकडे ३० दिवसांची उधारी होती. मे महिन्यात माल उचलला, वीस-बावीस दिवसांत शटरसुद्धा तयार. जूनमध्ये माणूस सांगतो, बिल्डरला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नाही, ताबा आता दसऱ्याला. माणूस खोटं बोलत नाही. त्याला फसवायचं नाही. तो स्वतःच घरभाडं आणि कर्जाचा हप्ता एकदम भरतोय, आणि न मिळालेल्या घराच्या किचनचे पैसे आधी द्यायला तो तयार नाही. त्याच्या जागी कुणीही नसता.

वर्कशॉपचा हिशेब मात्र असा उभा राहतो: मालाचे १,६२,८४० आणि मजुरीचे ३६,०००, म्हणजे १,९८,८४०. त्यातून टोकन वजा, १,८७,८४० रुपये अडकले. हार्डवेअर खोक्यात बंद असेल तर दुसऱ्या कामाला वापरता येतं, ते कर धरून ६१,३६०. तरी १,२६,४८० रुपये लाकडाच्या रूपात भिंतीला टेकून उभे राहतात. भिंतीला टेकून हे शब्दशः, आणि तीच पुढची भानगड. पावसाळ्यात पॅनेल तिरकी टेकवून ठेवली की धनुष्यासारखी वाकतात. एका बाजूलाच सनमायका लागलेली असेल तर आणखी लवकर. एज बँड न मारलेल्या कडा ओल धरतात. दसऱ्याला टेम्पो भरायची वेळ येते तेव्हा चार-दोन शटरं बदलावी लागतात, आणि तो खर्च मागायचा कुणाकडे? प्लायवाल्याचे तीस दिवस संपून गेलेले. कारागिरांचा पगार दर शनिवारी, तो कुणाच्या ताब्याची वाट बघत नाही.

उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात. इथे पोतं भरलेलं आहे, फक्त आत विकता न येणारा माल आहे.

टप्पे: रक्कम पाहू नका, क्षण पाहा

आता हेच काम चार टप्प्यांत. ड्रॉइंग मान्य झालं की १० टक्के, २८,३२० रुपये. माल मागवण्याआधी ५० टक्के, १,४१,६००. माल तयार झाल्यावर, गिऱ्हाइकाने वर्कशॉपमध्ये येऊन पाहिल्यानंतर आणि टेम्पो भरण्याआधी ३५ टक्के, ९९,१२०. बसवून, ट्रॉल्या सरकवून दाखवल्यावर ५ टक्के, १४,१६०.

माल उचलण्याच्या दिवशी हातात १,६९,९२० असतात, द्यायचे असतात १,६२,८४०. वर ७,०८० मजुरीला. सगळं कापून, चिकटवून झालं तरी वर्कशॉपचे अडकलेले पैसे २८,९२० च्या वर जात नाहीत, आणि न फोडलेल्या हार्डवेअरची किंमत त्याच्या दुपटीहून जास्त आहे. हा हिशेब कोटेशन लिहिण्याआधी स्वतःच्या कामाचा करायचा. फॅब्रिकेशनवाल्याचा वेगळा येईल, तिथे लोखंड भंगारातही किलोने विकलं जातं. लग्नपत्रिका छापणाऱ्याचा फारच वेगळा, छापून झाल्यावर रद्दीच. दुसऱ्याची टक्केवारी उचलून आपल्या कोटेशनमध्ये चिकटवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

दुसऱ्या टप्प्याला एक अट जोडायची: अंतिम माप टाइल्स आणि ग्रॅनाइटचा ओटा बसल्यावरच, आणि दुसरा हप्ता अंतिम मापानंतरच. कच्च्या भिंतीवर घेतलेलं माप प्लास्टर आणि टाइलने अर्धा-पाऊण इंच खातं. पण अटीचा खरा उपयोग निराळा आहे. १,४१,६०० रुपये मागितले की गिऱ्हाईक स्वतः बिल्डरला फोन लावतो. ‘ताबा पुढच्या महिन्यात’ हे वाक्य अकरा हजारांच्या टोकनला पुरतं, दीड लाखाच्या हप्त्याला पुरत नाही. वरच्या प्रकरणात ताबा लांबणार हे मे महिन्यातच, माल मागवण्याआधी, उघड झालं असतं. त्या वेळी वर्कशॉपचा फक्त ड्रॉइंगचा वेळ गेलेला असता आणि त्याचे २८,३२० जमा असते. दसऱ्यापर्यंत काम नुसतं थांबलं असतं, कुणी कुणावर चिडलं नसतं.

ड्रॉइंगचंही बोलू. फुकट थ्रीडी काढून देणं हा या धंद्यातला मोठा रोग आहे. तेच चित्र घेऊन माणूस शेजारच्या वर्कशॉपमध्ये ‘याच्यापेक्षा कमीत किती?’ विचारतो. माप आणि डिझाइनचे ५,००० अधिक ९०० जीएसटी, असे ५,९०० आधी घ्यावेत आणि ऑर्डर पक्की झाली की पहिल्या २८,३२० मधून वजा करावेत. जो ५,९०० ला नाही म्हणतो, तो १,४१,६०० ला हो म्हणण्याची शक्यता कमी. एवढ्यात कळलेलं बरं.

मागायचं कसं

पैसे मागण्याची जागा कोटेशन आहे, फोन नाही. टप्पे, रकमा, खाते क्रमांक, प्रत्येक टप्प्यानंतर किती दिवसांत काय होईल, हे सगळं कोटेशनच्या पहिल्या प्रतीत हवं. काम ठरल्यावर, चहा पिऊन झाल्यावर, ‘आणि ते अॅडव्हान्सचं जरा...’ म्हणून सुरुवात केली की समोरच्याला वाटतं नियम त्याच्यासाठी आत्ता काढला. दुसऱ्या टप्प्याच्या वेळी जाणारा व्हॉट्सअॅप साधारण असा असावा:

‘नमस्कार मॅडम. ड्रॉइंग क्र. ३ तुम्ही काल मान्य केलंत, अंतिम मापही झालं. आता प्लाय, सनमायका, हार्डवेअर मागवायचं आहे. कोटेशनप्रमाणे दुसरा टप्पा १,४१,६०० रुपये. शुक्रवार संध्याकाळपर्यंत जमा झाले की शनिवारी माल उचलतो, सोमवारी कटिंग. तिथून २१ दिवसांत माल तयार. खात्याचा तपशील कोटेशनच्या पान २ वर आहे.’

यात ‘शक्य असेल तर’ नाही, ‘राग मानू नका’ नाही. पैसे आणि तारीख एका दोरीला बांधलेली आहेत, बस. शुक्रवार उलटला तर धमकी द्यायची नाही. सोमवारची कटिंग दुसऱ्या कामाला देऊन नवी तारीख कळवायची.

आक्षेप ठरलेले असतात. ‘आम्ही काय पळून जाणार आहोत का?’ याला ‘नाही हो, विश्वास आहे’ म्हणत बसलं की पुढचं वाक्य ‘मग झालं तर’ हेच येतं. सरळ सांगावं: ‘प्रश्न तुमचा नाही साहेब, कापलेल्या प्लायचा आहे. तो दुकानदार परत घेत नाही.’ ‘माझ्या मेहुण्याकडे केलंत तेव्हा एवढे घेतले नव्हते’ हे खरं असेल तर नाकारू नये. तेव्हा नव्हते घेत, आता सगळ्यांकडून याच टप्प्याने घेतो, एवढंच. आणि मग खरोखर सगळ्यांकडून घ्यायचे. एका सोसायटीत दोन नियम चालवले की लिफ्टमध्ये ते एकमेकांना भेटतातच.

काहीजण शेवटपर्यंत आगाऊ रक्कम देत नाहीत. त्यांच्यासाठी एक सरळ मार्ग आहे: माल त्यांनी स्वतः दुकानातून घ्यावा, बिल त्यांच्या नावावर, वर्कशॉपने फक्त मजुरीचं काम करावं. अडकण्यासारखं मग आठवड्याची मजुरी तेवढी. यात डोकेदुखी तुकड्यांची. १४ शीट सांगितले आणि १५ लागले तर पंधराव्यावरून संशय. म्हणून कटिंग लिस्ट आधी दाखवून सही घ्यावी आणि उरलेले तुकडे मोजून परत द्यावेत, अगदी चार इंचाची पट्टी असली तरी.

गिऱ्हाइकाची भीती खोटी नाही

अॅडव्हान्स घेऊन गायब झालेल्या सुताराची गोष्ट जवळपास प्रत्येक घरात असते. त्यातले बहुतेक चोर नसतात. नव्या कामाच्या अॅडव्हान्समधून जुन्या कामाचं हार्डवेअर आणलेलं असतं, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. नवं काम यायचं थांबलं की शेवटचं डोकं उघडं पडतं आणि फोन बंद. आगाऊ रक्कम मागणाऱ्याने स्वतःला लावायचा पहिला नियम म्हणून हा: हप्ता ज्या कामाचा, खर्च त्याच कामाचा. दुसरं चालू खातं उघडावं, नाहीतर किमान प्रत्येक कामाचं वहीत वेगळं पान ठेवावं. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. माल येईपर्यंत तो पैसा आपला नाही, आपल्याकडे ठेवलेला आहे.

समोरच्याला दाखवण्यासारख्या गोष्टीही देता येतात. कोटेशनवर प्लायचा ग्रेड आणि हार्डवेअरचा ब्रँड नुसता ‘ब्रँडेड’ न लिहिता नावानिशी. माल आला त्या दिवशी बिलाचा आणि शीटवरच्या शिक्क्याचा फोटो. तिसऱ्या टप्प्याआधी वर्कशॉपमध्ये येऊन ड्रॉवर ओढून पाहायचं आमंत्रण. आणि शेवटचे ५ टक्के त्याच्या हातात, कारण बसवताना एक तरी शटर घासतंच आणि ते नीट करायला मिस्त्री पुन्हा यावा याची हमी तेवढीच असते.

परत द्यायची वेळ आली तर

‘अॅडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असा शिक्का पावतीवर मारून सुटका होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडला तर वाजवी भरपाई मिळते, लिहून ठेवलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विसाराची रक्कम जप्त करण्यालाही हेच कलम लावलं आणि नुकसान झालंच नसेल तर जप्ती टिकणार नाही असं म्हटलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये नुकसानीच्या प्रमाणाबाहेरचा दंड लादणारा करार ‘अनुचित करार’ या व्याख्येत येतो. बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

म्हणून परताव्याची अटही टप्प्यांनी लिहावी. ड्रॉइंग मान्य होण्याआधी रद्द: डिझाइनचे ५,९०० ठेवावेत, बाकी तोवर काही घेतलेलंच नसतं. माल आला पण कापला नाही: दुकानदाराने परत घेतला तेवढ्या मालाचे पैसे परत, टेम्पो आणि दुकानाची कपात गिऱ्हाइकाकडे, खास शेडची सनमायका मागवली असेल तर ती परत जात नाही, हे आधीच सांगावं. कापल्यानंतर: झालेला माल आणि मजुरी बिलांसकट दाखवून उरलेलं परत, बंद खोक्यातलं हार्डवेअर हवं असेल तर गिऱ्हाइकाला. बिलं जपून ठेवलीत तरच हे सगळं सिद्ध करता येतं.

कापल्यानंतरच्या बदलांची एक वेगळी ओळ हवी. वास्तूवाले नेमके कटिंगनंतर येतात आणि शेगडी आग्नेयेला सरकवायला सांगतात. बदल करायला हरकत नाही. त्याची किंमत, वाढलेले दिवस आणि पैसे कागदावर, सही झाल्यावरच करवत. तयार माल १५ दिवसांत नेला नाही तर ठेवणावळ लागेल हीसुद्धा ओळ, नाहीतर वर्कशॉपचं गोदाम होतं.

पैसे घेताना

रोखीचा मोह आवरा. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारापोटी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही आणि दंड तेवढ्याच रकमेचा. ‘पन्नास-पन्नास हजार वेगवेगळ्या दिवशी घेतले’ ही पळवाट नाही. किचन एकच, व्यवहार एकच, २,८३,२०० चा.

व्यक्ती ते व्यक्ती यूपीआयला साधारणपणे दिवसाला १ लाखाची मर्यादा असते, त्यामुळे दुसरा टप्पा एका फटक्यात येत नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, तेच सुचवावं. नवं खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिल्या दिवशी थोडीच रक्कम जाऊ देतात, म्हणून खातं दोन दिवस आधी जोडायला सांगावं. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, चेक हातात पडला म्हणजेही नव्हेत. खात्यात जमा दिसल्यावर प्लायवाल्याला फोन.

जीएसटीत वस्तू आणि सेवा यांचा फरक पडतो. मालाच्या अॅडव्हान्सवर, कंपोझिशन योजनेवाले (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारे छोटे व्यावसायिक) सोडून, १५ नोव्हेंबर २०१७ पासून पैसे घेताना कर भरावा लागत नाही, बिल करताना लागतो. सेवेच्या अॅडव्हान्सवर मात्र पैसे आले तेव्हाच लागतो आणि रिसीट व्हाउचर, म्हणजे आगाऊ रकमेची पावती, द्यावं लागतं. काम रद्द होऊन पैसे परत केले तर रिफंड व्हाउचर. डिझाइनचे ५,९०० ही सरळ सेवा. इमारतीला कायमचं जोडलेलं काम वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल आणि काम मिळून एकच ठेका) ठरलं तर तेही सेवेत मोजलं जातं. आपलं किचन कशात बसतं हे सीएकडून एकदा लेखी घ्यावं, कारण चुकीची किंमत व्याजासकट कळते.

दवाखाना, ऑफिस, हॉटेल अशा गिऱ्हाइकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमच्याकडे बिलानंतर ४५ दिवसांनी पेमेंट होतं.’ उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. पण हे सगळं माल पोचल्यानंतरचं संरक्षण आहे. माल वर्कशॉपमध्ये पडून असताना घड्याळ सुरूच होत नाही. तिथे कंपनीचं नाव कितीही मोठं असो, मालाचे पैसे आधी, किंवा निदान त्यांच्या लेटरहेडवर पर्चेस ऑर्डर आणि हार्डवेअर त्यांच्या नावाने थेट दुकानातून.

शेवटचे १४,१६० मिस्त्रीला गोळा करायला लावू नका. तो स्क्रू आवळत असताना गिऱ्हाईक त्याच्याशी घासाघीस करतं आणि तो ‘शेठना विचारतो’ म्हणून हात हलवत परत येतो. बसवणीच्या संध्याकाळी एका कागदावर गिऱ्हाइकासोबत फिरून राहिलेलं लिहून घ्यावं: तिसरं शटर घासतं, सिंकखालचं कोपऱ्याचं सिलिकॉन राहिलं, एक हँडल तिरकं. प्रत्येकापुढे तारीख. ते झालं की त्याच कागदावर सही आणि त्याच दिवशी ट्रान्सफर.